गाडीच्या शॅम्पूऐवजी स्वयंपाकघरातील वस्तू: सहा महिने वापरून झाल्यावरचा अभिप्राय

गाडीला पाणी मारून झाल्यावरच शॅम्पू संपल्याचे लक्षात येते आणि मग पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. माझेही असेच झाले. सिंकजवळची भांडी घासायच्या लिक्विडची बाटली मी उचलली, तेव्हा आईने एवढेच विचारले, “अगं, गाडी तेलकट झाली आहे का, म्हणून तो साबण नेतेस?” तेव्हा तो प्रश्न मी हसण्यावारी नेला. पुढचे सहा महिने स्वयंपाकघरातील एकेक वस्तू गाडीवर वापरून पाहिली आणि आईचा प्रश्न किती नेमका होता, हे पहिल्याच महिन्यात कळून चुकले.

अभिप्राय देण्याआधी तपासणी कशी केली ते सांगायला हवे, नाहीतर ‘मला तर काही झाले नाही’ या धर्तीच्या मतांत आणखी एका मताची भर पडेल. गाडी आठ वर्षांची असून तिचा रंग गडद निळा आहे. गडद रंगावर ओरखडा, ओघळ, पाण्याचा डाग यांपैकी काहीही लपत नाही, त्यामुळे हा रंग अशा चाचणीला सोयीचा आणि मालकाला मनस्ताप देणारा असतो. बॉनेटवर आधी एकसारखे वॅक्स, म्हणजे रंगाला जपणारा मेणासारखा लेप, चढवले, कागदी चिकटपट्ट्या लावून त्याचे चार भाग केले आणि प्रत्येक भाग दर आठवड्याला ठरलेल्या एकाच पद्धतीने धुतला: एक गाडीच्या शॅम्पूने, एक भांड्यांच्या लिक्विडने, एक खायच्या सोड्याच्या द्रावणाने आणि एक नुसत्या पाण्याने. चालत्या गाडीवर जे करण्याचे धाडस झाले नाही, ते गॅरेजमधून मागून आणलेल्या एका चेपलेल्या दारावर केले. निकाल पाहण्याची साधने दोनच होती. पहिले म्हणजे पाणी शिंपडल्यावर त्याचे गोलसर थेंब होतात की ते पसरट पडते, यावरून वॅक्स शिल्लक आहे की नाही ते ओळखणे. आणि दुसरे म्हणजे रात्री तिरकी धरलेली टॉर्च, जिच्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे लख्ख दिसतात.

या विषयात बहुतेक जण ‘कशाने जास्त स्वच्छ निघते’ असे विचारतात आणि तिथेच गल्लत होते. गाडीच्या रंगावर सर्वांत वर जो पारदर्शक थर असतो, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर हा थर त्याहूनही पातळ आहे. उलट रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि मोह्‌स मापनावर क्वार्ट्झची कठीणता ७ आहे, म्हणजे काच आणि साधे पोलाद यांहून अधिक. अशी धूळ बसलेल्या पृष्ठभागावरून फडके फिरवणे म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे. त्यामुळे गाडीच्या शॅम्पूचे पहिले काम मळ काढणे हे असले, तरी त्याच्या तोडीचे दुसरे काम निसरडेपणा देणे हे असते: फडके आणि रंग यांच्यामध्ये बुळबुळीत पाण्याचा एक पापुद्रा राहावा, कण त्यात उचलले जावेत आणि घासले न जाता वाहून जावेत. चांगला शॅम्पू बहुधा उदासीन, म्हणजे सामू (pH, आम्ल-अल्कलीचे माप) ७ च्या आसपास ठेवलेला असतो, तो यासाठी की मळ जावा पण वॅक्स राहावे. स्वयंपाकघरातील कोणत्याही वस्तूला या दोन कसोट्या लावल्या की निम्म्या वस्तू तिथेच गळतात.

भांड्यांच्या लिक्विडपासून सुरुवात करते, कारण सर्वाधिक वापर त्याचाच होतो आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच्याबद्दलच आहेत. दहा लिटरच्या बादलीत एक छोटा चमचा लिक्विड घातले की भरपूर फेस होतो, तो बराच वेळ टिकतो आणि हातालाही मऊ लागतो. पहिल्या धुण्यानंतर बॉनेटचा तो भाग बाकी तिन्ही भागांपेक्षा अधिक चकचकीत दिसला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मात्र तो ओला असतानाच त्यावरून अंगठा ओढला, तर नीट घासलेल्या ताटावरून बोट फिरवल्यावर येतो तसा ‘किर्र’ आवाज आला. शॅम्पूने धुतलेल्या भागावर तोच अंगठा आवाज न करता सरकला. ताट स्वच्छ निघाले आहे की नाही हे आपण ज्या आवाजावरून ठरवतो, तोच आवाज गाडीच्या बाबतीत धोक्याची सूचना आहे. कारण बोट अडखळते म्हणजे फडकेही अडखळणार, आणि फडक्याखाली वाळूचा एखादा कण राहिला असेल, तर तो रंगावर रेघ ओढूनच पुढे जाणार.

वॅक्सचा निकाल हळूहळू लागला. एका धुण्याने वॅक्स पूर्ण निघून जाते, हे जे ठासून सांगितले जाते, ते माझ्या अनुभवाला आले नाही. पहिल्या दोन आठवड्यांत थेंब गोलच राहिले. तिसऱ्या आठवड्यात ते पसरट होऊ लागले. पाचव्या धुण्यानंतर मात्र त्या चौकोनावर पाणी एखाद्या ओल्या कापडासारखे सपाट पसरले, आणि चिकटपट्टीच्या पलीकडच्या शॅम्पूच्या भागावर त्याच वेळी मोत्यांसारखे थेंब उभे होते. ती सीमारेषा इतकी सरळ होती की पट्टी काढल्यावरही कोणता भाग कशाने धुतला ते पाणी शिंपडून सांगता येत होते. त्यात नवल काहीच नाही. भांड्यांवरचा तेलकटपणा सोडवण्यासाठीच हे द्रावण बनवलेले असते, त्यातील घटकांचे एक टोक तेलाला आणि दुसरे पाण्याला धरते, आणि वॅक्स हाही शेवटी तेलकट जातीचाच पदार्थ आहे. तळणीचे तेल कोणते आणि बॉनेटचे संरक्षण कोणते हा भेद साबणाला कळत नाही. अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकांत घरगुती डिटर्जंट वापरू नये असे जे लिहिलेले असते, त्यामागचे प्रमुख कारण हेच आहे. काही लिक्विडांत घट्टपणा येण्यासाठी साधे मीठही घातलेले असते. ते धुऊन निघून जाते, पण दाराच्या फटीत आणि नंबर प्लेटच्या मागे फेस सुकू दिला, तर ती सवय चांगली नव्हे.

मग लिक्विड अजिबात वापरू नये का? माझे मत तसे नाही. जुने वॅक्स उतरवून नवे चढवायचे असेल, तर त्याआधीच्या धुण्याला हे लिक्विड उत्तम आहे, आणि या एका कामासाठी मी ते पुढेही वापरणार आहे. शॅम्पू संपला आहे, गाडी भिजलेली आहे आणि पर्याय नाही, अशा वेळी वर्षातून एकदोनदा वापरल्याने आकाश कोसळत नाही. चाकांच्या आतल्या बाजूला बसलेल्या ग्रीससाठी आणि टायरसाठी तर ते शॅम्पूहून सरस ठरले. फक्त ‘गाडीचा नेहमीचा साबण’ म्हणून त्याची नेमणूक करू नये.

इथे एक इशारा देणे भाग आहे. हाताने भांडी घासायचे लिक्विड आणि भांडी धुण्याच्या यंत्रात घालायची पावडर किंवा वडी या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. यंत्राच्या पावडरीत धुण्याचा सोडा आणि इतर तीव्र अल्कली असतात, ती हाताने वापरण्यासाठी बनवलेलीच नसते, आणि तिचे द्रावण रंगावर व ॲल्युमिनियमवर घालणे हा शुद्ध आतताईपणा होईल. ओव्हन साफ करण्याच्या फवाऱ्यात तर बहुधा कॉस्टिक सोडा असतो. चाकावरची काळी राख ‘सहज’ निघेल या आशेने कोणी तो ॲल्युमिनियमच्या अलॉय व्हीलवर मारत असेल, तर त्याचा हात धरावा, कारण कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला प्रत्यक्ष खातो आणि चकाकी गेली की ती सहजासहजी पुन्हा आणता येत नाही. तीच गोष्ट घासणीची. स्पंजच्या हिरव्या खरखरीत बाजूत घर्षक कण पक्के बसवलेले असतात. चेपलेल्या दारावर ती बाजू अगदी हलक्या हाताने तीन वेळा फिरवली, तेव्हा दिवसाउजेडी काही दिसले नाही. रात्री टॉर्च धरली, तेव्हा तेवढाच पट्टा धुरकट होऊन चमकत होता.

खायचा सोडा हा सर्वांचा लाडका. त्याचे द्रावण सौम्य अल्कली असते, सामू साधारण ८.३, त्यामुळे रासायनिक दृष्टीने ते रंगाला फारसे त्रासदायक नाही. अडचण त्याच्या न विरघळलेल्या कणांची आहे. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम साडेनऊ ग्रॅम सोडा विरघळतो. म्हणजे जी ‘पेस्ट’ करून डागावर चोळायला सांगितली जाते, तिच्यातील बहुतांश सोडा कणांच्या रूपातच असतो. हे कण क्वार्ट्झच्या मानाने बरेच मऊ आहेत, पण क्लिअर कोट हा काही दगड नव्हे, आणि दारावर पेस्ट चोळून पाहिल्यावर टॉर्चच्या उजेडात बारीक चऱ्यांचा एक ढग उमटलेला दिसलाच. नीट विरघळवलेल्या, गाळून घेतलेल्या द्रावणाने बॉनेटचा जो भाग दर आठवड्याला धुतला, त्यावर चरे पडले नाहीत; मात्र तो भाग नुसत्या पाण्याने धुतलेल्या भागापेक्षा फारसा स्वच्छही निघाला नाही. फेस नाही, निसरडेपणा नाही, तेलकट मळ निम्मा तसाच. शिवाय बॉनेटच्या कडेची रबरी पट्टी आणि कंपनीच्या चिन्हाभोवतीची खाच यांत सोडा वाळून जी पांढरी किनार राहिली, ती जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढता काढता एक अख्खी दुपार गेली. गाडी धुण्यासाठी सोडा नको.

गाडीच्या इतर कामांसाठी मात्र तोच सोडा हवा. लेड-ॲसिड बॅटरीच्या टर्मिनलवर जो पांढरट-निळसर भुगा साठतो, त्यावर एक कप पाण्यात एक मोठा चमचा सोडा घालून केलेले द्रावण ब्रशने लावले की ते आम्लाशी झगडून फसफसते, आणि फसफस थांबली की काम झाले असे समजून साध्या पाण्याने पुसून घ्यावे. हे करताना हातमोजे आणि चष्मा घालावा, आधी ऋण टोकाची वायर काढावी आणि द्रावणाचा थेंबही बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. दुसरा उपयोग गाडीच्या आतल्या सतरंजीचा. सांडलेल्या दुधाचा आंबट वास गाडीत किती दिवस मुक्काम ठोकतो, हे ज्याने भोगले आहे त्यालाच माहीत. जागा धुऊन, वाळवून, तिच्यावर कोरडा सोडा रात्रभर पसरून सकाळी व्हॅक्यूमने ओढून घेतला. पहिल्या रात्री वास निम्मा झाला आणि दुसऱ्या खेपेला गेला. आंबट वास आम्लांचा असतो आणि सोडा त्यांना उदासीन करतो, म्हणून इथे तो नुसत्या सुगंधी फवाऱ्यासारखा वास झाकत नाही.

व्हिनेगरबद्दल माझे मत सुरुवातीला वाईट होते आणि शेवटी ते पूर्ण बदलले, पण फक्त काचेपुरते. घरातल्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ४ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल असते आणि त्याचा सामू अडीचच्या आसपास असतो. जड पाणी काचेवर वाळले की मागे जे पांढरे गोल डाग राहतात, त्यांत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. साबण कितीही बदलला, तरी हा डाग हलत नाही, कारण तो तेलकट मळ नसून अक्षरशः चुनखडीचा पापुद्रा असतो. आम्ल मात्र त्याला विरघळवते: कॅल्शियम ॲसिटेट आणि पाणी तयार होते आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पाण्याची धार नेहमी थांबून वाळते, तिथे गेल्या दोन वर्षांचे डाग साठले होते. समप्रमाणात पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने भिजवलेला कापडाचा तुकडा त्यावर दहा मिनिटे चिकटवून ठेवला आणि नंतर पुसला, तेव्हा कापडाच्या आकाराची एक स्वच्छ खिडकी काचेत उघडल्यासारखी दिसू लागली. तिच्या कडेला जुने डाग तसेच होते, त्यामुळे फरक सांगावा लागला नाही. वायपरच्या रबरावरूनही हेच कापड एकदा फिरवले. कापडावर काळी रेघ उमटली आणि पुढच्या पावसात काचेवरची फरफर बंद झाली.

रंगावर व्हिनेगर वापरण्याबाबत इतका उत्साह दाखवता येत नाही. ताजे डाग असतील, तर पातळ केलेल्या व्हिनेगरचा हात फिरवून लगेच भरपूर पाण्याने धुतले की ते जातात, पण त्यासोबत वॅक्सचेही नुकसान होते. जुने डाग जात नाहीत, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे: उन्हात तापलेल्या बॉनेटवर डाग महिनोन्‌महिने राहिले, तर क्षारांनी क्लिअर कोटच कोरलेला असतो, म्हणजे तिथे वर साठलेले काही नसते, खाली खळगा असतो, आणि खळगा कोणत्याही आम्लाने भरून निघत नाही. तिथे पॉलिश करणाऱ्या कारागिराकडेच जावे लागते. तापलेल्या पत्र्यावर, पॉलिश केलेल्या उघड्या ॲल्युमिनियमवर आणि क्रोमच्या मुलाम्यावर व्हिनेगर रेंगाळू देऊ नये. गाडीतल्या स्क्रीनवरही ते वापरू नये, कारण तिच्यावर चकाकी आणि बोटांचे ठसे रोखण्यासाठी पातळ लेप असतो. तिथे किंचित ओलसर मऊ कापड पुरते. एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे गाडीखालची जमीन. फरशी संगमरवरी किंवा चुनखडीच्या दगडाची असेल, तर जे आम्ल काचेवरचा चुना खाते, तेच फरशीही खाते. आणि व्हिनेगर कधीही ब्लीचमध्ये मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ही सूचना गाडीपुरती नसून संपूर्ण घरासाठी आहे.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ‘फसफसता जादुई साबण’ बनवण्याची जी युक्ती हातोहात फिरते, तिच्याबद्दल थोडे रागानेच लिहिते, कारण तिच्यापायी माझी व्हिनेगरची एक भरलेली बाटली वाया गेली. अल्कली आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात, एवढा साधा हिशेब यात आहे. पाच टक्क्यांच्या १०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये सुमारे ५ ग्रॅम ॲसिटिक आम्ल असते आणि ते संपवायला ७ ग्रॅम सोडा, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा, पुरेसा होतो. फसफस निमाली की बादलीत उरते ते सोडियम ॲसिटेट नावाचे क्षार विरघळलेले पाणी, ज्याच्यात ना आम्लाचा गुण राहिला ना सोड्याचा. फेस दिसतो म्हणून काम होते असे वाटते. ज्या काचेवर नुसत्या व्हिनेगरने दहा मिनिटांत काम केले होते, तिच्याच दुसऱ्या कोपऱ्यावर हे मिश्रण अर्धा तास ठेवले आणि डाग होते तिथेच राहिले.

लिंबाचे फार सांगण्यासारखे नाही. त्यातले सायट्रिक आम्ल व्हिनेगरइतकेच काम करते, वास कितीतरी चांगला येतो, पण रसात साखर आणि गर असल्याने काच चिकट होते आणि दुसऱ्या दिवशी वायपरच्या खाचेत मुंग्यांची रांग लागते. कोला पेयाचा प्रकारही असाच: त्यातले फॉस्फरिक आम्ल गंजलेल्या नटबोल्टला थोडेफार सैल करत असेल, पण साखरेचा पाक गाडीवर ओतायचा आणि मग तो धुण्यासाठी साबण शोधायचा, यात शहाणपण दिसत नाही. मिठाचे नाव गाडीच्या बाबतीत काढूच नये. ते घासायला खरखरीत आहे, ते ओलावा धरून ठेवते आणि लोखंडाला गंज चढण्याचा वेग वाढवते. पत्र्याच्या सांध्यांत एकदा शिरलेले मीठ बाहेर काढणे भांडे विसळण्याइतके सोपे नसते. कापलेला बटाटा पावसाळी काचेवर फिरवून पाहिला. पाणी थोडा वेळ एकसारखे पसरते हे खरे, पण समोरून येणाऱ्या दिव्यांत तो पिष्टाचा पापुद्रा असा काही धुरकट चमकला की पुढच्याच वळणावर गाडी थांबवून काच पुसावी लागली.

या सगळ्यांत अनपेक्षितपणे जिंकले ते खाद्यतेल. नव्याने डांबर टाकलेल्या रस्त्यावरून गेल्यावर दारांच्या खालच्या भागात डांबराचे काळे ठिपके बसतात. ते शॅम्पूला दाद देत नाहीत आणि नखाने खरवडले तर रंगही घेऊन येतात. डांबर पाण्यात विरघळत नाही, पण तेलात मऊ होते. कापसाचा बोळा कोणत्याही साध्या खाद्यतेलात बुडवून ठिपक्यावर ठेवला, पाच मिनिटांनी पाहिले तर बोळ्यावर तपकिरी वर्तुळ पसरू लागले होते, आणि दहा मिनिटांनी ठिपका न घासता पुसला गेला. काही हट्टी ठिपक्यांना तीनदा बोळा बदलावा लागला, त्यामुळे घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये. झाडाच्या चिकासाठीही हीच युक्ती चालली, मात्र तो ताजा होता. नंतर राहिलेला तेलकट ओघळ काढण्यासाठी भांड्यांचे लिक्विड थेंबभर वापरले, आणि तिथे आईच्या प्रश्नाला पहिल्यांदाच ‘हो, तेलकट झाली आहे’ असे उत्तर देता आले. तेल काचेवर आणि ब्रेकच्या डिस्कवर अजिबात लागू देऊ नये. ब्रेकच्या आसपासचे ठिपके राहिले तरी चालतील.

कॉर्नफ्लोअरने, म्हणजे मक्याच्या पिष्टाने, आसनाच्या कापडावर पडलेला ताजा तेलाचा डाग बऱ्यापैकी ओढून घेतला. पीठ पसरून अर्धा तास ठेवायचे आणि झटकून व्हॅक्यूम करायचे. डाग ताजा नसेल तर हे करण्यात अर्थ नाही.

आता त्या चौथ्या चौकोनाविषयी, जो नुसत्या पाण्याने धुतला होता. मला वाटले होते तो सर्वांत वाईट निघेल. प्रत्यक्षात धूळ काढण्यात तो सोड्याच्या बरोबरीने राहिला, त्यावरचे वॅक्स जवळपास शॅम्पूच्या भागाइतके टिकले, आणि चरेही फार पडले नाहीत, कारण तिथे घासण्याआधी मी सवयीने दुप्पट वेळ पाणी मारत होते. पक्ष्यांच्या विष्ठेचा अनुभवही हेच सांगतो. विष्ठेतले यूरिक आम्ल रंगाला बाधते, आणि उन्हात तापलेला थर तिच्याभोवती प्रसरण-आकुंचन पावतो, म्हणून डाग जितका जुना तितका खोल जातो. त्यावर कोमट पाण्यात भिजवलेले कापड पंधरा मिनिटे ठेवले, की तो कोणत्याही साबणाशिवाय उचलून घेता येतो. स्वयंपाकघरातून गाडीसाठी न्यायची सर्वांत गुणकारी वस्तू कोमट पाणी हीच निघावी, याचे मला अजूनही थोडे हसू येते. उकळते पाणी मात्र नको, आणि थंडीत गारठलेल्या काचेवर तर मुळीच नको. अचानक तापल्याने काच तडकते.

साबण कोणताही असो, पद्धत चुकली तर बाकी सगळे व्यर्थ जाते, एवढे या चार चौकोनांनी पटवले. गाडी सावलीत उभी करावी आणि पत्रा गार होऊ द्यावा. आधी भरपूर पाणी मारून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची आणि एक फडके विसळण्याची. माझ्या विसळण्याच्या बादलीच्या तळाशी दर वेळी चिमूटभर काळी वाळू साठलेली असते, आणि एकच बादली असती तर ती वाळू पुन्हा बॉनेटवर गेली असती. छतापासून खाली यावे, चाके शेवटी घ्यावीत आणि चाकांचे फडके वेगळे ठेवावे. भांडी पुसायचे जुने सुती फडके कितीही मऊ झालेले असले, तरी त्याऐवजी लांब तंतूंचा मायक्रोफायबर हातमोजा वापरावा, कारण त्याच्या तंतूंत वाळूचे कण आत दडतात, तर सपाट फडक्यावर ते वरच राहून रंगावर घासले जातात. शेवटी पाणी आपोआप वाळू देऊ नये, टिपून घ्यावे.

गुण द्यायचेच झाले तर पूर्ण गाडी धुण्यासाठी भांड्यांच्या लिक्विडला पाचपैकी दोन, खायच्या सोड्याला एक, व्हिनेगरला शून्य. ठरावीक डागांसाठी मात्र काचेवरच्या व्हिनेगरला साडेचार, डांबरावरच्या तेलाला चार आणि बॅटरीवरच्या सोड्याला पूर्ण पाच. बचतीचा मुद्दा उरतो, पण एका धुण्याला शॅम्पू लागतो झाकणभर, आणि वॅक्स दर दीड महिन्याला पुन्हा चढवावे लागले तर त्यात जाणारी दुपार आणि वॅक्सचा डबा हे दोन्ही त्या झाकणभर शॅम्पूपेक्षा महाग पडतात. पूर्ण गाडी धुण्यासाठी नवी शॅम्पूची बाटली मी दुसऱ्याच महिन्यात आणली.

भांड्यांचे लिक्विड आता सिंकजवळ परत गेले आहे. पाणी घातलेल्या व्हिनेगरची फवारणीची एक छोटी बाटली मात्र गाडीच्या डिकीत कायमची ठेवली आहे. तिच्यावर आईने स्वतःच्या हाताने ‘फक्त काचेसाठी’ अशी चिठ्ठी लिहून चिकटवली, कारण मध्यंतरी एकदा ती साधे पाणी समजून मी कुंडीतल्या रोपावर मारली होती आणि त्याची तीन पाने करपली.